वेबसाइटवर कोणी फिरकत नाही. बंद करून टाकू का?

सिंधुदुर्गातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. नऊ जणींचा बचत गट आहे. कोकम आगळ, आमसुलं, अमृत कोकम, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि फणसपोळी हा त्यांचा माल. पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या आग्रहावरून गटाने दोन वर्षांपूर्वी 35,000 रुपये खर्चून वेबसाइट करून घेतली. नात्यातल्याच एका मुलाने ती बांधून दिली. तिच्यावरून महिन्याला तीन-चार ऑर्डरी येतात, कधी एकही नाही. व्हॉट्सॲपवर आणि फोनवर मात्र हंगामात उसंत नसते. तेच ते प्रश्न दिवसातून वीसदा ऐकावे लागतात. आता एका कंपनीचे फोन सुरू झाले आहेत: 40,000 रुपये द्या, तीस दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर आणतो, वर हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटींवरून तुमच्याकडे येणारे दुवे, देतो. गटातल्या बाकीच्या जणी म्हणतात, इन्स्टाग्राम आहे की, वेबसाइट कशाला पोसायची? ताई लिहितात, "मीच सगळ्यांना पटवलं होतं. बैठकीत विषय निघाला की मान वर करवत नाही. पैसे भरून शेवटचा प्रयत्न करू, की बंद करून टाकू?"

ताई,

आधी त्या मान वर न करवण्याबद्दल. 35,000 रुपयांचा ठराव नऊ जणींनी मिळून केला, वहीत नऊ सह्या असतील. तो एकटीच्या डोक्यावर घेऊन बसू नका. आणि एक विचारते: गेल्या दोन वर्षांत त्या वेबसाइटवर काम कोणी केलं? मुलगा बांधून देऊन मोकळा झाला, तुम्ही रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडण्यात आणि आमसुलं वाळवण्यात बुडालात, आणि वेबसाइट पहिल्या दिवशी होती तशीच राहिली. दुकानाच्या फळ्या काढून ठेवायच्या आणि आत कोणी बसायचंच नाही, अशी तिची गत झाली आहे. तिचा कस अजून लागलेलाच नाही.

तुम्ही दिलेला पत्ता मी फोनवर उघडला. वर मोठा फिरता फोटो, खाली "गुणवत्ता हीच आमची ओळख", मग "आमच्याबद्दल" म्हणून चार ओळी. भाव पाहायला गेले तर भावपत्रकाचा फोटो लावलेला, तोही दोन वर्षांपूर्वीचा. आगळ म्हणजे काय, बाटली केवढी, पुण्याला किती दिवसांत पोचते, फुटली तर काय, यांतलं काहीच नाही. मी गिऱ्हाईक असते तर मीही वेबसाइट मिटून तुम्हाला फोनच केला असता. लोक तेच करतात.

लोक येत नाहीत कारण गूगल आपल्याला दाखवत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि त्या कंपनीचा सगळा धंदा याच समजुतीवर उभा आहे. पहिल्या पानावर आणतो म्हणतात, पण कोणता शब्द टाकल्यावर? तुमच्या गटाचं नाव टाकलं तर तुम्ही आजच पहिल्या आहात, मी टाकून पाहिलं. नुसतं "कोकम" टाकलं तर तिथे विकिपीडिया आणि मोठमोठी दुकानं बसली आहेत. त्यांना तीस दिवसांत कोणी उठवत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे.

बॅकलिंकांचा प्रकारही समजून घ्या, कारण असे फोन तुम्हालाच नाही, छोट्या धंद्याच्या प्रत्येक वेबसाइटवाल्याला येतात. 1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल उभं केलं ते एका साध्या विचारावर: एखाद्या पानाकडे दुसरी चांगली पानं बोट दाखवत असतील, तर ते पान भरवशाचं असणार. झालं, लोकांनी बोटं विकायला काढली. ती ओळखण्यासाठी गूगलने एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर चढलेल्या कितीतरी वेबसाइटी खाली आल्या. कुठल्या परदेशी जुगाराच्या नाहीतर औषधांच्या पानांवरून तुमच्या आमसुलांकडे हजार बोटं दाखवून घेतलीत, तर उत्तम गोष्ट घडली तरी ती इतकीच की गूगल त्यांकडे दुर्लक्ष करेल. त्यांच्या यादीत "मेटा कीवर्ड", म्हणजे पानामागे न दिसणारी शब्दांची यादी, असेल तर तेही ऐकून ठेवा: क्रम लावताना आम्ही ते बघत नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं. पुन्हा फोन आला तर तीन गोष्टी विचारा: कोणत्या शब्दासाठी, कोणत्या वेबसाइटींवरून, आणि करार संपल्यावर पासवर्ड कोणाकडे राहणार? उत्तरं लेखी मागा. बहुतेक वेळा फोन तिथेच थांबतो.

म्हणजे 40,000 देऊ नका. मग बंद करायची का? त्याआधी इन्स्टाग्रामचं बोलू, कारण तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. लोक तिथे आहेत, फोटो छान दिसतात, पैसे लागत नाहीत. पण ती जागा आपली नाही. ऑर्कुट आठवतं? सप्टेंबर 2014 मध्ये बंद झालं. टिकटॉकवर तर आपल्या गावाकडच्या किती मुलामुलींनी, बायकांनी लाखोंनी माणसं जोडली होती. 29 जून 2020 ला सरकारने बंदी घातली आणि दोन-चार दिवसांत ते सगळं नाहीसं झालं. पाठीराखे कुठे घेऊन जायची सोय नव्हती. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जरूर चालवा, जोरात चालवा. तिथे भेटलेल्या माणसाला पाठवायला स्वतःचा एक कायमचा पत्ता हवा, एवढ्यासाठी वेबसाइट.

आणि तो पत्ता खरोखर तुमचा आहे का, हे मला आधी तपासायचं आहे. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर नोंदलं आहे? मला भीती आहे की ते त्या मुलाच्या ईमेलवर असेल. त्याच्या मनात काही वाईट नसेल, बांधणाऱ्याच्या सोयीने असंच होतं. पण उद्या तो नोकरीला मुंबईला गेला, नंबर बदलला, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिली तर? माझं तेच झालं होतं. जुन्या पदार्थांच्या कृतींची एक वेबसाइट मी बरीच वर्षं चालवत होते. सोडलेल्या नोकरीच्या ईमेलवर तिची नोंद होती. मुदत संपली, सूचना तिकडे गेल्या, आणि एका वाचक बाईंचा फोन आला की तुमच्या पत्त्यावर भलतंच काही उघडतंय. नाव दुसऱ्याने घेतलं होतं. लेख माझ्याकडे होते, पण लोकांना तोंडपाठ झालेला पत्ता गेला तो गेलाच. त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून पहिलं काम हे. गटाच्या नावाने एक ईमेल काढा, कोणा एकीच्या नावाने नको. मग त्या मुलाला प्रेमाने निरोप पाठवा: "बाबू, वेबसाइट छान करून दिलीस. आता गटाच्या वहीत नोंद ठेवायची आहे. डोमेन कुठल्या कंपनीकडे आहे, होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, कुठे आहे, दोन्हीची मुदत कधी संपते ते सांग, आणि खाती गटाच्या ईमेलवर करून दे. तुझा वेळ जाईल त्याचे पैसे आम्ही देऊ." शेवटचं वाक्य गाळू नका, त्याने काम लवकर होतं. तारखा आणि कंपन्यांची नावं गटाच्या वहीत लिहा. पासवर्ड वेगळ्या कागदावर, पाकिटात, कपाटात. दोघींना माहीत असावेत. ओटीपी कोणाच्या फोनवर येतो तेही लिहून ठेवा. डोमेनला वर्षाला साधारण हजाराच्या आसपास खर्च येतो. तो दर वर्षी भरत राहा, बाकी काहीही ठरलं तरी. मुदत चुकली तर सुरुवातीला थोडे दिवस मुभा असते, मग दंड भरून सोडवावं लागतं, मग ते नाव कोणीही उचलू शकतं.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य: तेच ते प्रश्न दिवसातून वीसदा. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलं आहे. मी म्हणते, वेबसाइटवर काय लिहायचं हे ते वीस जण तुम्हाला रोज सांगताहेत. एक वही फोनशेजारी ठेवा आणि आठवडाभर प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत उतरवा. आगळ आणि सरबत एकच का? सोलकढीला किती घालायचं? उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं का? आमसूल काळं पडलं, खराब झालं का? रंग घालता का? डोंबिवलीला घरपोच येईल का? प्रत्येक प्रश्नाला एक छोटं पान.

आगळाचंच घ्या. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पुष्कळदा त्याला सरबत समजून घेतं, पाण्यात ओततं, खारट लागलं की वैतागतं. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, त्यात साखर नसते. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेला पाक. हे तुमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे, म्हणून कधी लिहावंसं वाटलंच नाही. पण जी बाई रात्री फोनवर "कोकम आगळ खारट का लागते" असं शोधते, तिला त्या क्षणी दुकान नको असतं, उत्तर हवं असतं. ते तुमच्या पानावर मिळालं की बाटली ती तुमच्याकडूनच मागवण्याचा संभव मोठा. "कोकम" या एका शब्दासाठी मोठ्यांशी झुंजण्यापेक्षा अशा लांबलचक, घरगुती प्रश्नांची उत्तरं देणं तुम्हाला जमणारं आहे, आणि मराठीत ती चांगली लिहिलेली फार कमी आहेत.

लिहिता येत नाही म्हणाल, तर लिहू नका, बोला. फोनच्या मराठी कळफलकावर माइकचं चिन्ह असतं. गटात जी सगळ्यात रंगवून सांगते तिने गिऱ्हाइकाला सांगावं तसं बोलायचं, आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या लेकीने ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचं. मालवणी शब्द काढून टाकू नका. सोलं, आमसूल, कोकम, रातांबे हे सगळे शब्द पानात येऊ द्या, गोव्यातलं भिरंडसुद्धा. ज्याला जो माहीत तो तोच टाइप करतो. पुष्कळ जण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेव्हा पानाच्या पत्त्यात आणि एखाद्या ओळीत तेही स्पेलिंग असू द्या. मात्र मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं ज्यात असतात त्या पद्धतीतच, हवा. छपाईवाल्याच्या जुन्या फाँटमधला मजकूर वेबसाइटवर आणला की अक्षरांचा चुरा होतो, शोधात तो सापडत नाही. आणि भाव फोटोत नको, साध्या अक्षरांत लिहा, म्हणजे बदलायला मुलाची वाट पाहावी लागणार नाही.

लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत पोचतात ते पाहायला गूगलचंच सर्च कन्सोल आहे, फुकट आहे. त्या मुलाला जोडून द्यायला सांगा, आणि महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, उघडून बघा. तिथे शब्दांची यादी दिसते. जो शब्द वारंवार दिसतो पण ज्यावर तुमचं पान नाही, ते पुढच्या महिन्याचं पान.

फोटोंचं वजन कमी करा. फोनने काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो दोन-अडीचशे केबीवर आणला तरी डोळ्याला फरक कळत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे गावात जिथे रेंज अर्धवट येते तिथे उभं राहून गटातल्या सगळ्यात जुन्या फोनवर वेबसाइट उघडा. चटकन उघडली नाही तर गिऱ्हाइकाकडेही अडखळत असणार. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षिततेचं एचटीटीपीएस नसेल तर त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, त्यासाठी कोणी वेगळे हजारो रुपये मागितले तर देऊ नका. वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर बांधली असेल तर अपडेट वेळेवर करायचे आणि महिन्याला एक बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचा.

जाहिरातीचं म्हणाल, तर तुमच्या हातात आहे त्यापेक्षा चांगलं साधन मला सुचत नाही: बाटली. ती गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात महिनोन्‌महिने उभी असते. लेबलवर क्यूआर कोड छापा, आणि तो वेबसाइटच्या पहिल्या पानाकडे न नेता त्या पदार्थाच्या पानाकडे न्या. आगळाच्या बाटलीवरून सोलकढीची कृती, कुळथाच्या पाकिटावरून पिठीची कृती, खाली "पुन्हा मागवा" आणि व्हॉट्सॲपचं बटण. एक सावधगिरी: फुकट क्यूआर देणाऱ्या काही सेवा मध्ये स्वतःचा पत्ता घालतात, आणि मुदत संपली की तो कोड बंद पडतो किंवा पैसे मागतो. हजार लेबलं छापल्यावर हे कळून उपयोग नाही. कोडमध्ये थेट तुमच्याच वेबसाइटचा पत्ता आहे ना, हे स्कॅन करून पाहा, मग छापखान्यात द्या. लेबलवर अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक असतोच, तो वेबसाइटवरही टाका. पूर्ण पत्ता, फोन आणि माल परत घेण्याचे नियमही. अनोळखी माणूस पैसे पाठवण्याआधी हेच शोधतो. कोकमला सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती होईपर्यंत लावू नका.

व्हॉट्सॲपला वेबसाइटची सवत समजू नका. "आगळ कसं वापरायचं?" असं कोणी विचारलं की दोन ओळी आपुलकीने लिहा आणि त्या पानाची लिंक पाठवा. बोटांचे कष्ट वाचतील, आणि ती लिंक पुढे जावेच्या, नणंदेच्या ग्रुपवर जाईल. व्हॉट्सॲपवर एकच निरोप अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून बाटलीवर "आमचा नंबर सेव्ह करा" हेही छापा. प्रदर्शनात नंबर घेताना निरोप पाठवले तर चालतील ना, हे विचारून घ्या.

गूगल नकाशावर गटाची नोंद करा, तीही फुकट आहे. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, कुडाळला रेल्वे थांबते, मालवणला जाणारे पर्यटक वाटेत "कोकम कुठे मिळेल" शोधतात. केंद्राचे खरे फोटो, उघडण्याच्या वेळा, पावसाळ्यात बंद असेल तर तसं स्पष्ट. ओळखीच्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका. गूगलला ते चालत नाही, आणि मलाही ते रास्त वाटत नाही.

एवढं करूनही पैसे खर्चायचेच असतील तर 40,000 नकोत. मार्चच्या शेवटी, उन्हं तापायला लागली की पंधरा दिवस, दोन-तीन हजारांची जाहिरात ठाणे, डोंबिवली, पुणे एवढ्याच भागात दाखवा, आणि तीही सोलकढीच्या पानाची. मोठा खर्च करायचा तर तो चांगल्या लेबलवर आणि न फुटणाऱ्या बाटलीवर करा.

आता गटापुढे काय ठेवाल? मी असं सुचवेन की वेबसाइट पुढचा हंगाम संपेपर्यंत ठेवायची, नवा खर्च फक्त डोमेन, होस्टिंग आणि त्या मुलाच्या दोन-चार दिवसांच्या कामाचा. आठवड्याला एक पान, पाळीपाळीने नऊ जणींनी. मोजायचं काय तेही आधीच ठरवा. किती जणांनी पाहिलं हा आकडा बाजूला ठेवा, नव्या गिऱ्हाइकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एवढं विचारा आणि वहीत रेघ मारा. पहिले दोन-तीन महिने रेघा कमीच दिसतील, गूगलला पानं सापडून वर यायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका.

आणि नऊ जणींपैकी कोणालाच हे करायची इच्छा नसेल, सगळं पुन्हा तुमच्याच अंगावर पडणार असेल, तर एकच पान ठेवा: गटाचं नाव, फोन, पत्ता, चालू भाव, सोलकढीची कृती. बाकीचं काढून टाका. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. छोटं आणि ताजं पान मोठ्या, शिळ्या वेबसाइटपेक्षा गिऱ्हाइकाला जास्त कामाचं असतं. नाव तेवढं सोडू नका.

पुढच्या बैठकीला जाताना फोनशेजारची ती वही घेऊन जा आणि आठवड्याचे प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. कोणाला कोणतं उत्तर सांगायला आवडेल ते तिथेच विचारा. पहिलं पान आगळाचंच करा. त्यात एका नारळाच्या दुधाला आगळ किती चमचे, आणि वरून मीठ घालण्याआधी चाखून बघा, हे लिहायला विसरू नका.